जुना लेथ घरी पुन्हा उभा करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उद्यमनगरातलं एखादं जुनं वर्कशॉप बंद होतं, मुलगा संगणकावर चालणाऱ्या सीएनसी मशीनवर गेलेला असतो आणि आजोबांचा कोन पुलीचा (पायऱ्यापायऱ्यांच्या पुलीचा) लेथ, म्हणजे धातू फिरवून कापायचं मशीन, किलोच्या भावाने निघतो. कुणीतरी हौसेने तो घरी आणतं आणि मग मला फोटो पाठवतं. पुन्हापुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केलेत. मी टर्नर नाही. हौसेपोटी दोन लेथ उभे केले, आणि पहिल्यावर जवळजवळ सगळ्या चुका करून बसलो. उत्तरं साडेतीन ते सहा फुटी, पट्ट्यावर चालणाऱ्या आणि बुशमध्ये (धातूच्या गुळगुळीत नळीत) स्पिंडल, म्हणजे जॉब फिरवणारा मुख्य दांडा, फिरणाऱ्या मशीनला धरून दिली आहेत.

१. मी आयुष्यात लेथ चालवलेला नाही. आधी शिकू की आधी मशीन दुरुस्त करू?

आधी शिका. ओळखीच्या वर्कशॉपमध्ये चार रविवार उभे राहा, आयटीआय केलेल्या टर्नरकडून फेसिंग (जॉबचं टोक सपाट करणं), टर्निंग (व्यास उतरवणं) आणि टूल घासणं शिकून घ्या. चांगल्या लेथचा आवाज कसा असतो, हँडल हाताला कसं लागतं, हे ठाऊक नसेल तर आपल्या मशीनला काय झालंय ते कळणार तरी कसं? मी हे उलटं केलं. सहा महिने ज्याला बिघाड समजत होतो ती निव्वळ बोथट टूलची करामत निघाली.

२. भंगारवाला म्हणतो, "काही नाही, वरचा गंज आहे फक्त." घ्यायच्या आधी काय बघू?

गंज दिसायला भीषण, पण तो निघतो. झीज निघत नाही. बेडचा (खालच्या लांब बिडाच्या रुळाचा) चकजवळचा, म्हणजे जॉब पकडणाऱ्या जबड्यांजवळचा, फूट-दीड फूट सगळ्यात जास्त झिजतो, कारण कॅरेजचा (टूल वाहणाऱ्या गाड्याचा) जन्म तिथेच गेलेला असतो. बेडच्या पुढच्या व्ही आकाराच्या रुळावरून नख आडवं फिरवा. कॅरेज जिथे कधी पोचलंच नाही तिथे मूळ उंचीचा काठ नखाला लागतो. मग कॅरेज चकजवळ आणा, त्याची पट्टी जेमतेम सरकेल इतकी आवळा आणि टेलस्टॉककडे (चकच्या समोरच्या टोकाला जॉबला आधार देणाऱ्या भागाकडे) ढकलत न्या. वाटेत घट्ट होत गेलं तर बेड खाल्लाय. झीज किती चालते, ते प्रश्न १६ मध्ये आहे.

त्यानंतर बॅक गियरचे (स्पिंडलचा वेग कमी करणाऱ्या चाकांचे) दात मोजा. एखादा दात तुटलेला किंवा ब्रेझिंगने भरलेला हमखास सापडतो. हेडस्टॉक (स्पिंडलचं घर) आणि पाय यांच्या बिडात तडा आहे का ते रॉकेलने पुसून बघा. पुसल्यावर तड्यातून रॉकेल पुन्हा पाझरतं. आणि सुटे भाग! चेंज गियर (आटे पाडताना बदलायची चाकं), चक, चकची किल्ली, उलटे जबडे, फेसप्लेट, स्टेडी (लांब जॉबचा आधार). हे नंतर एकेक करून जमवायला गेलात तर मशीनपेक्षा महाग पडतात. कोपऱ्यातल्या डालड्याच्या डब्यात काय आहे ते आधी बघा, लेथ नंतर.

३. मशीनवर नाव नाही. कोणत्या कंपनीचा आहे ते कसं ओळखायचं?

कित्येकदा ओळखता येतच नाही, आणि त्यावाचून फारसं अडतही नाही. पंजाबात बटाला आणि गुजरातेत राजकोट इथल्या ओतशाळांमधून असे असंख्य लेथ निघाले, बरेचसे बिननावाचे. नाव असेल तर हरिहरच्या म्हैसूर किर्लोस्करचं (कारखाना १९४१चा) किंवा बंगळुरूच्या एचएमटीचं (स्थापना १९५३) असण्याची शक्यता बरी. क्वचित एखादा इंग्रजी मायफोर्ड एमएल-७ सापडतो. नॉटिंगहॅमजवळच्या बीस्टनमध्ये हा १९४६पासून बनू लागला, आणि घरगुती कारागिरांत त्याचं फार कौतुक आहे.

नावापेक्षा तीन गोष्टी वहीत लिहून ठेवा: स्पिंडलच्या नाकाचे (चक बसतो त्या टोकाचे) आटे, लीड स्क्रूचे (कॅरेज ओढणाऱ्या लांब स्क्रूचे) इंचाला किती आटे, आणि टेलस्टॉकचा मोर्स टेपर (निमुळत्या भोकाचा नंबर). एमएल-७ला नाक एक इंच एक सूत आणि इंचाला १२ आटे, लीड स्क्रू ८ आट्यांचा, टेपर २ नंबर. पुढे प्रत्येक खरेदीला हेच आकडे लागतात.

४. घरी आणायचा कसा?

टेलस्टॉक, चक, मोटर आणि चेंज गियर आधी उतरवा. टेलस्टॉक हाताला लागतो तसाच घसरून पायावरही पडतो. लेथचं वजन हेडस्टॉकच्या बाजूला आणि वरच्या भागात जास्त असतं, म्हणून वळणावर तो कलंडतो. पट्टा बेडखालून घ्या, आणि लीड स्क्रू किंवा स्पिंडल यांच्यावर कधीच भार देऊ नका. लीड स्क्रू वाकला की तुमचे सगळे आटे वाकडे. चेन पुली आणि दोन अनुभवी हमाल यांचे पैसे वाचवू नका. एमएल-७सारखा छोटा लेथ शंभर किलोच्या आसपास असतो, सहा फुटी मशीन त्याच्या कितीतरी पट.

५. फ्लॅटमध्ये चालेल का?

तळमजल्यावर, गॅरेजमध्ये, हो. वरच्या मजल्यावर वजनाआधी शेजारी हा प्रश्न असतो.

६. पूर्ण सुटा करायचा की जमेल तेवढाच?

पहिल्या मशीनचा मी नट न् नट सुटा केला. चार महिने तो सोळा डब्यांमध्ये पडून होता आणि घरच्यांनी "भंगार" हा शब्द वापरायला सुरुवात केली होती. आता सांगतो ते असं: फिरत असेल तर आधी हाताने फिरवा, तेल घाला, आणि आहे त्या अवस्थेत एक जॉब काढून बघा. मग एका वेळी एकच भाग उतरवायचा, धुवायचा, परत बसवायचा. आज क्रॉस स्लाइड (टूल आडवं सरकवणारी), पुढच्या आठवड्यात एप्रन (कॅरेजची पुढची पेटी).

उतरवण्यापूर्वी प्रत्येक कोनातून फोटो काढा. वॉशर आणि पातळ पत्र्याच्या शिम कुठल्या बाजूच्या, ते लिहून वेगळ्या पिशवीत ठेवा. शिम फेकून देणं ही नवशिक्याची सगळ्यात महाग चूक, कारण त्या पत्र्याच्या जाडीनेच स्पिंडलची जागा ठरलेली असते.

७. गंज कशाने काढू? यूट्यूबवर प्रत्येक जण वेगळंच सांगतो.

भागानुसार ठरवा. आधी रॉकेल किंवा टर्पेंटाइनने चिकट थर धुऊन काढा. निम्मा "गंज" म्हणजे वाळलेलं तेल असतं.

हँडल, ब्रॅकेट, पाने यांना सायट्रिक अ‍ॅसिडचं पाणी पुरतं. किराणा दुकानातलं लिंबूफूल ते हेच. काही तास ठेवा, अधूनमधून बघा, विसरून रात्रभर ठेवू नका. बाहेर काढल्यावर धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवा, लगेच कोरडं करून तेल लावा. नाहीतर दहा मिनिटांत नारिंगी धूळ धरते.

मोठ्या बिडाच्या तुकड्यांना विजेची पद्धत सोयीची. प्लास्टिकच्या टबात चार लिटर पाण्याला एक टेबलस्पून धुण्याचा सोडा, बॅटरी चार्जरची ऋण तार आपल्या भागाला, आणि धन तार साध्या लोखंडी पत्र्याला. स्टेनलेस स्टीलचा पत्रा अजिबात वापरू नका, त्यातून पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं. हायड्रोजन सुटतो, म्हणून हे काम उघड्यावर करा, आणि तारा हलवण्यापूर्वी चार्जर बंद करा. पितळ, गनमेटल, अ‍ॅल्युमिनियम आणि स्प्रिंगा यात टाकायच्या नाहीत. बेडचं काय, ते पुढच्याच प्रश्नात.

८. बेड चकाचक करायला ग्राइंडरला फ्लॅप डिस्क लावली तर?

नको. एमरी पेपरही नको. बेडवर रॉकेल आणि अगदी बारीक स्टील वूल, हाताने, तेवढंच. हट्टी ठिपक्यांवर ब्लेड आडवं धरून खरवडा. काळे डाग राहिले तर राहू द्यात. त्यांच्यावरून कॅरेज सुखाने सरकतं. चकाकणारा बेड आणि सरळ बेड या वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यापायी दुसऱ्याचा बळी दिलेली मशीन मी पाहिली आहेत.

९. जुना रंग घासून काढू का?

कोरडा घासू नका. घरगुती रंगांत शिशाची ९० पीपीएम ही मर्यादा आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७पासून लागू झाली. पन्नास वर्षांपूर्वीच्या मशीनच्या रंगात शिसं आहे असं धरूनच चाला. रिमूव्हर लावा, ओला असताना खरवडा, चोथा कागदात गोळा करा, मुलांना लांब ठेवा. रंगाखालून राखाडी पुट्टीचे पोपडे निघाले तर घाबरू नका. ओतकामाचा खडबडीतपणा झाकायला कारखान्यातच पुट्टी भरत असत.

आणि नावाची पितळी पाटी? तिला हातच लावू नका. साबणाचं पाणी, मऊ ब्रश, बस.

१०. रंग कोणता द्यावा?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि मला त्यात सगळ्यात कमी रस आहे. मशिनरी इनॅमल, राखाडी किंवा हिरवा. पण प्रश्न १५मधली चाचणी पास झाल्यावरच. रंगवलेलं मशीन पुन्हा खोलायला जीव होत नाही, म्हणून रंग आधी दिला की दोष आत तसेच राहतात.

११. तेल कोणतं? ग्रीस चालेल का?

बुशच्या स्पिंडलला ग्रीस नाही. तेलाच्या वाटेत ग्रीस भरून आधीच्या मालकाने ती बुजवलेली असते, बहुतेक वेळा. ती तार घालून मोकळी करा. एमएल-७सारख्या बारीक फटीच्या स्पिंडलला व्हीजी ३२ (व्हीजी म्हणजे तेलाच्या दाटपणाचा नंबर), जुन्या सैल, सावकाश फिरणाऱ्याला व्हीजी ६८. बेडला आणि स्लाइडना स्लाइडवेचं ६८ नंबरचं तेल घाला, ते चिकटून राहतं. कुपीतली लोकरीची वात बदलायची तर लोकरीचीच घाला. नायलॉनचा दोरा तेल ओढत नाही. ग्रीस हवं ते चेंज गियरच्या दातांना, तेही थोडंच, कारण कीस त्याला चिकटतो.

१२. चक धरून हलवला तर स्पिंडल हलतो. बुश गेली का?

हाताला जाणवणारी हालचाल डायल गेजने मोजा. गेजचा काटा स्पिंडलच्या कॉलरवर ठेवा, चकखाली लाकडी दांडा घालून वर उचला. दोन-तीन शतांश मिलिमीटरला मी हात लावत नाही. दहा शतांश निघाले तर काम आहे. एमएल-७मध्ये बेअरिंगच्या टोपीखाली थरांची शिम असते, एकेक पापुद्रा सोलून फट कमी करायची. दोन्ही बाजूंनी सारखाच सोला. काही लेथमध्ये बाहेरून निमुळती, चिरलेली गनमेटल बुश असते, ती नट फिरवून आवळतात.

आवळल्यावर अर्धा तास चालवा आणि हात ठेवा. कोमट ठीक. हात ठेववत नसेल तर ताबडतोब बंद करून सैल करा, नाहीतर व्हाइट मेटल वितळून वाहतं.

१३. चक निघतच नाही. बॅक गियर अडकवून हिसका दिला तर चालेल?

चालेल असं वाटतं आणि दात तुटतो. प्रश्न २मधले तुटके दात अशाच हिसक्यांचे. नाकाच्या आट्यांवर तेल सोडून रात्रभर ठेवा. सकाळी बेडच्या मागच्या बाजूला लाकडी ठोकळा ठेवून चकचा जबडा त्यावर टेकवा आणि पट्टा हाताने ओढून स्पिंडल उलटा फिरवा. नाही सुटला तर चकमध्ये जाड षटकोनी सळई पकडा, तिला मोठा पान्हा लावा, दुसऱ्याने पट्टा घट्ट धरायचा, आणि चकचा वरचा भाग आपल्याकडे येईल अशा दिशेने पान्ह्यावर हातोड्याचा एकच झटका. हळू दाबण्यापेक्षा झटका कामाचा. खाली बेडवर फळी ठेवा, चक सुटला की पडतो.

१४. मोटर थ्री फेज आहे आणि घरी सिंगल फेज. नवीन मोटर घेऊ का?

आधी मोटरची पाटी वाचा. ४१५ व्होल्ट स्टार असेल आणि डब्यात सहा टोकं असतील, तर ती २४० व्होल्टसाठी डेल्टामध्ये जोडून घेता येते. मग २३० व्होल्टचा, सिंगल फेज घेऊन थ्री फेज देणारा व्हीएफडी लावा. आत तीनच टोकं बाहेर काढली असतील तर वाइंडरकडे न्यावी लागेल. व्हीएफडी आणि मोटर यांच्या मध्ये स्विच नको, बंद-चालू ड्राइव्हवरूनच करा. आटे असलेल्या नाकावरचा चक एकदम उलटा फिरला किंवा जोरात थांबला तर सुटून येतो, म्हणून थांबण्याचा वेळ लांब ठेवा.

साधी सिंगल फेज एक एचपी, १४४० फेऱ्यांची मोटर एवढ्या मशीनला पुरते. अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळली की लगेच तोडणारा स्विच) मात्र हवीच, आणि जोडणी वायरमनकडून करून घ्या.

वेगाचा हिशोब सोपा आहे. मोटरवर अडीच इंची पुली, मधल्या शाफ्टवर दहा इंची, म्हणजे १४४० भागिले ४, ३६० फेऱ्या. बुशचा स्पिंडल फार वेगाने पळवू नका. एमएल-७चा मूळ पल्लाच ३५ ते ६४० फेऱ्यांचा आहे. सपाट पट्टा पिठाच्या गिरणीचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळतो, जोडायच्या क्लिपांसकट. पट्ट्यांवर जाळी लावायची, कारण मूल बोट घालायला फार वेळ घेत नाही.

१५. जॉब निमुळता निघतो. हेडस्टॉक वाकडा आहे का?

बहुतेक वेळा हेडस्टॉक निर्दोष असतो आणि बेड पिळलेला असतो. ओबडधोबड स्टँडवर चारही बोल्ट गच्च आवळले की बिडाचा बेडसुद्धा पिळवटतो. स्टँडवर लेव्हल लावून पाय टेकवा, बोल्ट हलकेच आवळा, आणि ही चाचणी करा.

पंचवीस-तीस मिलिमीटरची सळई चकमध्ये पकडा, चार-पाच इंच बाहेर, टेलस्टॉकचा आधार न देता. मधला भाग उतरवून दोन टोकांना दोन कडी ठेवा. दोन्ही कड्यांवर एकाच सेटिंगने, अगदी हलका, शेवटचा कट घ्या आणि मायक्रोमीटरने मोजा. टेलस्टॉककडचं कडं मोठं निघालं तर टेलस्टॉककडच्या, आपल्या बाजूच्या पायाखाली पातळ शिम घाला. लहान निघालं तर मागच्या पायाखाली. पुन्हा कट, पुन्हा मोजणी. माझी एक अख्खी दुपार गेली यात, पण इतकी समाधानाची दुपार दुसरी नाही. टेलस्टॉक त्यानंतरच सरळ करायचा. आधी केला तर दोन चुका एकमेकींना झाकतात.

१६. बेड झिजलाय. ग्राइंड करून आणू का?

आधी हिशोब करा. कॅरेज ०.१ मिमी खाली बसलं, तर टूल तेवढंच खाली जातं. २५ मिमी व्यासाच्या जॉबवर त्याने व्यासात पडणारा फरक ०.००१ मिमीपेक्षाही कमी! तेच कॅरेज ०.१ मिमी आडवं सरकलं तर फरक ०.२ मिमी. म्हणजे झीज कोणत्या दिशेची, यावर सगळं आहे. व्ही दोन्ही उतारांवर सारखा झिजला असेल तर जॉब बऱ्यापैकी सरळ येतो. एकाच उतारावर झिजला असेल तर नाही.

ग्राइंडिंग केलं की गोष्ट संपत नाही, सुरू होते. कॅरेज आणि टेलस्टॉक दोन्ही खाली बसतात. लीड स्क्रू एप्रनच्या रेषेत राहत नाही, टेलस्टॉकचं केंद्र स्पिंडलच्या खाली जातं, रॅक आणि पिनियनची पकड बदलते. हे भरून काढायला सॅडलखाली (कॅरेजच्या बैठकीखाली) पट्ट्या चिकटवून खरवडाव्या लागतात. घरगुती लेथसाठी माझं मत: नको. झीज कुठे आहे ते ओळखा, लांब जॉब टेलस्टॉककडच्या चांगल्या भागात घ्या.

१७. क्रॉस स्लाइडचं हँडल पाव फेरी रिकामं फिरतं.

गनमेटलची नट झिजली आहे. पाव फेरी म्हणजे बदला, स्थानिक वर्कशॉपमध्ये बनवून मिळते. दहाव्या-बाराव्या हिश्शापर्यंत खेळ असेल तर सवय लावून घ्या: नेहमी एकाच दिशेने आत यायचं, आकडा पुढे गेला तर पूर्ण फेरी मागे घेऊन पुन्हा यायचं. खेळ काढायला स्लाइडची पट्टी करकचून आवळू नका, त्याने खेळ जात नाही, फक्त हात दुखतात.

१८. कार्बाइडचं टूल घेऊ?

एचएसएस (हाय स्पीड स्टील) घ्या आणि घासायला शिका. कार्बाइडला वेग आणि दणकट मशीन लागतं, तुमच्याकडे दोन्ही नाही. नरम लोखंडावर एचएसएस मिनिटाला २५ मीटरच्या आसपास चालतं, म्हणजे २५ मिमीच्या जॉबला सुमारे ३२० फेऱ्या.

टूलची उंची बघायला पातळ स्टीलची पट्टी टूलचं टोक आणि गोल जॉब यांच्यात हलकी दाबा. पट्टी उभी राहिली तर उंची बरोबर, वरचं टोक आपल्याकडे झुकलं तर टूल खाली आहे, मागे झुकलं तर वर. जॉबवर लाटा उठत असतील तर टूल कमी बाहेर काढा, कंपाउंड स्लाइड (टूल धरणारी वरची छोटी स्लाइड) मागे घ्या, मग स्पिंडलची फट (प्रश्न १२) तपासा.

१९. हातमोजे घालून काम करू ना?

फिरत्या लेथवर नाही. हातमोजा, ओढणी, सैल बाही, गळ्यातली साखळी, हातातला गंडा हे सगळं चक गुंडाळून घेतो. चष्मा घाला, किल्ली चकमध्ये कधीच विसरू नका, कीस हुकने काढा.

२०. पावसाळ्यात काय करायचं?

तेलाचा पातळ थर आणि वर सुती चादर. प्लास्टिक नको, आत दव धरतं. आणि खंडेनवमीला यंत्राची पूजा करणारे आपण सगळेच: हळदकुंकू हेडस्टॉकला लावा, बेडला नको, आणि नारळ बाहेर फोडा. माझ्या बेडवर एका दसऱ्याचा बोटाएवढा गंजाचा डाग आजही आहे. आईच्या बोटाचा आहे, म्हणून काढलेला नाही.

२१. बॅक गियरचा एक दात तुटलाय. पूर्ण गियर बदलावा लागेल?

एकच दात असेल तर जागा खाचून तुकडा बसवतात, किंवा ब्रेझिंगने भरून कानशीने आकार देतात. थंड बिडावर थेट साधं वेल्डिंग केलं तर शेजारी तडा जातो. शेजारशेजारचे तीन-चार गेले असतील तर नवीन गियर कापून घ्या. दात मोड्यूलचे (मेट्रिक मापाचे) आहेत की डीपीचे (इंची मापाचे), ते आधी मोजा. जुन्या मशीनचे बहुधा डीपी असतात. तोवर बॅक गियर वापरूच नका, थेट पट्ट्यावर काम करा.

२२. माझा लीड स्क्रू इंचाचा आहे. मेट्रिक आटे पाडता येतील?

येतात. इंच म्हणजे २५.४ मिमी, आणि ते गुणोत्तर अचूक येण्यासाठी १२७ दातांचा गियर लागतो. तो मोठा, बसायला जागा नसते. त्याऐवजी ६३ दातांचा वापरतात. चूक ०.०१२५ टक्के, म्हणजे १०० मिमी लांबीत सव्वा शतांश मिलिमीटर. साध्या बोल्टला कुणालाही कळणार नाही.

खरी अडचण दुसरीच आहे. इंचाच्या स्क्रूवर मेट्रिक आटे पाडताना हाफ नट (कॅरेजला लीड स्क्रूशी जोडणारी दुभंगलेली नट) उघडायची नाही, उघडली की पुढचा कट भलत्याच जागी येतो. प्रत्येक कटनंतर टूल मागे घेऊन स्पिंडल उलटा फिरवत परत यायचं. पण आपला चक आट्यांवरचा, उलटा जोर दिला तर सुटणारा (प्रश्न १४). म्हणून मी स्पिंडलच्या मागच्या भोकात फुगणारा डट्टा घालून त्याला हँडल लावलं आहे, आणि आटे पाडायचे तेव्हा मोटरचा प्लग काढून ठेवतो. एम१०चा दीड मिमी पिचचा बोल्ट हाताने वीस मिनिटांत होतो. आपला खांदा दुखतो, पण जॉबच्या खांद्याला (जाड भागाच्या काठाला) टूल जाऊन आपटत नाही.